परदेशात मुलांच्या सेवेला निघण्याआधी

ख्रिस्तात प्रिय,

मंडळीच्या टीमबरोबर दहा दिवस परदेशी मुलांमध्ये सेवेला जायचं ठरलं, हे वाचून फार आनंद झाला. तयारीच्या बैठकांत गाणी, टी-शर्ट आणि तिकिटं यांवरच खूप वेळ जातो. बाकीचं राहून जातं. म्हणून जरा सविस्तर लिहायला बसलो.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. ती मुलं त्यांच्या आईवडिलांची आणि तिथल्या मंडळीची आहेत. अकराव्या दिवशी तुम्ही विमानात असाल आणि त्यांच्यापुढे तिथली संडे स्कूलची शिक्षिका उभी असेल. आपल्या कार्यक्रमाने तिचं काम सोपं होईल की अवघड, एवढं प्रत्येक वेळी विचारायचं. तुमचं महागडं साहित्य आणि झगमगत्या बाहुल्या पाहून मुलांना तिचा वर्ग फिका वाटू लागला, तर सेवा उलटली असं समज. दोन-तीन महिने आधी तिलाच विचारा: मुलं किती, वयं काय, बायबलमधल्या कोणत्या गोष्टी शिकवून झाल्या, सावली आहे का, पिण्याचं पाणी आणि शौचालय कुठे. गोष्ट तिने सांगावी आणि तुम्ही मदतीला उभं राहावं, हे जमलं तर सर्वांत उत्तम.

यजमानांनी अनाथाश्रमाची भेट सुचवली, तर टीमप्रमुखांशी आधी स्पष्ट बोल. जगभरच्या अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे त्यांना तिथे ठेवलेलं असतं. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की काही ठिकाणी मुलं मुद्दाम गोळा केली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९च्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या दुष्परिणामांची दखल घेतली आहे. शिवाय दर काही दिवसांनी नवा माणूस कुशीत घेतो आणि निघून जातो, हे लहान मुलाला सोसत नाही. मुलं रोज आपल्या घरी परततात असंच शिबिर घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा; बरेच देश हे पाहतात. पर्यटक व्हिसावर धार्मिक किंवा स्वयंसेवी काम चालतं का, हे दूतावासाकडून लेखी घ्या. धर्मप्रसाराचे कायदेही तपासा: नेपाळमध्ये धर्मांतर करवणं गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या चुकीची किंमत तिथल्या पाळकांना मोजावी लागते, म्हणून त्यांनी आखलेल्या मर्यादेपलीकडे एक पाऊलही नको. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस लागत असेल तर किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. त्याआधी प्रमाणपत्र ग्राह्य होत नाही. विमा घेताना रुग्णाला दुसऱ्या ठिकाणी हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बघ. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इन सामानात चालत नाही.

आता शिबिराचा दिवस. अडीच तासांहून लांबवू नका. नोंदणी आणि गाणी अर्धा तास, गोष्ट वीस मिनिटं, हस्तकला अर्धा तास, खेळ अर्धा तास, खाऊ आणि निरोप. उरलेला वेळ रांगा आणि हात धुण्यात जातोच. सगळ्यात जास्त फसते ती गोष्ट. दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो, म्हणून वीस मिनिटांसाठी दहा मिनिटांचाच मजकूर लिही. वाक्यं छोटी ठेव, पण पूर्ण वाक्य झाल्यावरच थांब. अर्ध्या वाक्यावर थांबलं की दुभाषी अडकतो, कारण त्याच्या भाषेत क्रियापद कुठे येईल हे त्याला अजून कळलेलं नसतं. यमकं, शब्दांवरचे विनोद आणि अक्षरं जुळवून केलेली आठवणसूत्रं भाषांतरात टिकत नाहीत. ती काढून टाक. मजकूर दुभाष्याला दोन आठवडे आधी मिळाला पाहिजे. एकच दुभाषी सकाळभर बोलला की शेवटी तो दमतो आणि अर्थ गाळू लागतो, म्हणून दोघं आलटून पालटून ठेवा.

मुलांची संख्या रोज वाढते. पहिल्या दिवशी साठ आली तर तिसऱ्या दिवशी शंभरही होतात, कारण गावात बातमी पसरते आणि मोठी मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतात. साहित्य अंदाजाच्या दीडपट ठेवा आणि ते संपलं तरी चालेल असा एक खेळ रोज राखून ठेवा. एका गटात दहा-बारा मुलं, त्यांच्यासोबत दोन मोठी माणसं, त्यांतलं एक तिथलंच. मेणाचे खडू आणि गोंदकांड्या उन्हात वितळतात. फुगे लहानांना देऊ नका. फुटलेला तुकडा श्वासनलिकेत अडकतो. बारीक मणी तीन वर्षांखालच्यांच्या हाती लागू देऊ नका, आणि ती धाकटी भावंडं असणारच हे धरून चाला. नोंदणीत नाव, वय, पालक, अ‍ॅलर्जी आणि न्यायला कोण येणार, एवढं हवंच. खाऊ तिथल्या बायकांना ठरवू आणि बनवू द्या.

सुरक्षेच्या नियमांत सवलत नाही. टीममधल्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षण झालेलं असावं. कोणीही एका मुलासोबत एकटं राहायचं नाही. शौचालयाला न्यायचं तर तिथली शिक्षिका नेईल. उचलून फिरवणं, मांडीवर बसवणं टाळायचं. मूल स्वतः हात धरायला आलं तर ठीक. एखाद्याने मारहाणीचं किंवा छळाचं काही सांगितलं, तर शांतपणे ऐकून घे. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस, खोदून विचारू नकोस, त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेव आणि आधी ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीकडे दे. ती व्यक्ती कोण, हे निघण्यापूर्वी ठरलेलं असलं पाहिजे.

फोटो एकाच माणसाने काढावेत, तेही पालकांच्या परवानगीने. फोनमधली ठिकाणाची नोंद बंद ठेवा. नाव, शाळेचा बिल्ला, अर्धवट कपड्यांतलं किंवा रडणारं मूल प्रसिद्ध करायचं नाही. आपल्या लेकराचा असा फोटो परक्या मंडळीच्या पडद्यावर चालला असता का, हे मनाला विचारून बघ. मुलांशी सोशल मीडियावर मैत्री जोडू नका, ‘पुढच्या वर्षी नक्की येऊ’ असंही म्हणू नका. ती वाट पाहतात.

भेटवस्तू हातोहात वाटू नका. गाडीतून गोळ्या फेकल्या की चेंगराचेंगरी होते आणि लहान मुलं खाली पडतात. जे द्यायचं ते तिथल्याच बाजारात घेऊन पाळकांकडे सोपवा. पोत्यांनी जुने कपडे नेले तर सीमाशुल्कात अडकतात. मुलांना औषधंही देऊ नका, साधी तापाची गोळीसुद्धा नाही. तिथल्या आरोग्य केंद्राकडे न्यायला पालकांना मदत करा.

याबद्दल मी जरा आग्रहीच आहे: ‘कोणाकोणाला येशूला स्वीकारायचंय, हात वर करा’ असं विचारून हात मोजू नका. दूरच्या पाहुण्याला खूश करायला सगळेच हात वर करतात, काही दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. परतल्यावर तो आकडा मंडळीपुढे वाचला जातो आणि तिथल्या शिक्षिकेला मात्र त्यातली चार मुलंही रविवारी दिसत नाहीत. ज्याला प्रश्न पडलाय, त्याला तिच्याशी बोलू द्या. ती वर्षभर त्याच्यासोबत असेल.

जुलाब झाले तर स्वतःसाठी क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं ने. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, माप वाढवायचं नाही. मलेरिया होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांचा कोर्स परतल्यावरही पुरा करावा लागतो, गोळीनुसार एक ते चार आठवडे. घरी बरं वाटतं म्हणून त्या मध्येच सोडल्या जातात. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर कुठे प्रवास केला होता ते डॉक्टरांना आधी सांग.

परतल्यावर दोन आठवड्यांत सगळा हिशेब पावत्यांसह यजमानांनाही पाठवा आणि काय जड गेलं, ते त्यांना विचारा. तोंडावर ते सांगणार नाहीत, पाहुणचाराच्या भिडेने गप्प राहतील; पत्रातून किंवा तिथल्या ओळखीच्या एखाद्या मोठ्या माणसामार्फत विचारलं तर सांगतात. पुढच्या वर्षी जायचं की नाही, हे त्या उत्तरावर ठरवा. ‘या वेळी माणसं नकोत, त्याऐवजी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचला’ असं उत्तर आलं, तर तेही आनंदाने करा.

गोष्टीचा मसुदा झाला की दुभाष्याला देण्याआधी मला दाखव.

तुझा,
ख्रिस्तात वडीलबंधू