चार वर्षांच्या मुलाचे डोळे रोज सकाळी सुजतात, डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. नेफ्रोटिक सिंड्रोम असेल का? आहार काय द्यावा?

असू शकतो. या आजारात किडनीतून प्रोटीन लघवीत गळतं आणि अंगावर सूज येते. उद्या सकाळी उठल्या उठल्याची लघवी लॅबमध्ये द्या, साधी रुटीन तपासणी. अल्ब्युमिन (हेच ते प्रोटीन) ३+ किंवा ४+ आलं तर त्याच दिवशी मुलांचे डॉक्टर गाठा.

आमचंही ॲलर्जीपासूनच सुरू झालं. भांडुपला राहतो आम्ही. जुलै महिना, लेकाला सर्दी होऊन गेलेली. सकाळी डोळे सुजलेले, दुपारी उतरलेले. दहा दिवस सिरप पाजलं. सासूबाई म्हणाल्या, पोराने अंग धरलंय. एका रात्री चड्डी बदलताना इलॅस्टिकचा वळ कमरेत खोल रुतलेला दिसला. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. लघवीला साबणासारखा फेस होता, तोही मला तेव्हाच आठवला.

परळच्या वाडिया हॉस्पिटलात निदान झालं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सहा आठवडे रोज, मग सहा आठवडे एक दिवसाआड. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची आणि रंग बघून आकडा लिहून ठेवायचा. मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे. अकराव्या दिवशी पट्टी पिवळीच राहिली. 'निल', म्हणजे प्रोटीन नाही, असं लिहिताना माझा हात थरथरत होता.

चौथ्या आठवड्यात गणपतीला कणकवलीला गेलो. लेकाचे गाल फुगलेले, सारखी भूक. मोठे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "स्टेरॉइड म्हणजे विष. तू पोराला विष घालतेयस." गोळ्या थांबवून काढा सुरू केला. मी गप्प बसले, ही माझी चूक. पट्ट्या मुंबईतच राहिल्या होत्या. परत आलो तेव्हा पोट ढोलासारखं ताणलेलं, अंगात ताप, हात लावला तरी ओरडत होता. पोटात साठलेल्या पाण्याला इन्फेक्शन झालं होतं. आठ दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक.

गाल फुगतात, भूक वाढते, मूल चिडचिडं होतं, हे सगळं खरं. पण डोस उतरवला की गाल उतरतात. गोळ्या एकदम थांबवल्या तर धोका असतो, कारण त्या चालू असताना शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं कमी करतं. डोस फक्त डॉक्टरांनी कमी करायचा. घरातलं वडीलधारं माणूस हट्टाला पेटलं तर त्याला ओपीडीत सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर बोलायला लावा. मी तेव्हा तेच करायला हवं होतं.

आहाराचं म्हणाल तर घरचं जेवण. सूज असेपर्यंत मीठ कमी आणि पापड, लोणचं, वेफर्स बंद. प्रोटीन पावडर लागत नाही.

हेही सांगायला हवं की गोळ्या नीट घेऊनही बऱ्याच मुलांना हा आजार उलटतो, बहुतेकदा सर्दीतापानंतर. सलग तीन दिवस ३+ आलं की उलटला समजा आणि फोन करा. दहातल्या आठ-नऊ मुलांना गोळ्या लागू पडतात, बाकीच्यांना बायोप्सी (किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणी) आणि वेगळी औषधं लागतात. लघवी लाल असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल तर थेट किडनीतज्ज्ञांकडे जा. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) लस विचारून घ्या. जोराचा डोस चालू असताना कांजिण्यांसारखी जिवंत लस देत नाहीत.

लेक आता नऊ वर्षांचा आहे, दोन वर्षं गोळी नाही. दीर अजून म्हणतात काढ्याने बरा झाला. ते कालनिर्णय मी जपून ठेवलंय. गणपतीतले नऊ चौकोन कोरे आहेत आणि दहाव्यात ४+.