गावातला छोटा घरगुती धंदा: रोज काय पोस्ट करावं, आणि सगळं सांभाळून जीव कसा उरवावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की हिंगणघाटकडच्या एका गावात तुमचा तिखट, मसाले आणि पापडांचा घरगुती धंदा आहे. "रोज काहीतरी टाकत राहा" असं सगळे सांगतात पण सुचत काही नाही, आणि रात्री अकरापर्यंत फोनवर ऑर्डरी घेता घेता गळून जायला होतं. मार्केटिंगही व्हावं आणि आरामही मिळावा, असं काही जमतं का, हा तुमचा प्रश्न. मला जमलं, पण उशिरा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात लाकडी घाणी चालवते. फल्ली, जवस, तीळ, करडी. (फल्ली म्हणजे शेंगदाणा, विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगून ठेवते.) पहिली दोन वर्षं मीही रोज टाकायची. सकाळी फुलांवर 'शुभ सकाळ', दुपारी बाटलीचा फोटो, रात्री 'शुद्धतेची हमी'. पाहत कोणीच नव्हतं. सख्ख्या नणंदेनं मला म्यूट करून ठेवलं होतं, हे तिच्याच पोरीनं मला सांगितलं.

मग मी गल्ल्याजवळ एक शंभर पानी वही ठेवली. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, एवढंच. "काहून वो बाई, दुकानात तेल इतकं स्वस्त, तुयंच काहून महाग?" "ताई, बाटलीच्या बुडाशी गाळ बसते, भेसळ हाय काय?" "जवसाचं तेल कडू लागून राह्यलं." "लिटरनं देता का किलोनं?" महिन्यानं वही चाळली तर पानंच्या पानं भरली होती, पण वेगवेगळे प्रश्न निघाले फक्त अकरा. तेच तेच मी दिवसातून दहादा बोलत होते, वर रात्री फोनवर पुन्हा. तेव्हा लक्षात आलं की टाकायला काही नाही असं नव्हतंच. जे बोलून घसा कोरडा पडत होता तेच टाकायचं होतं.

पहिला घेतला लिटर-किलोचा प्रश्न. एक लिटर फल्ली तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात एक जण लिटरचा भाव सांगतो, दुसरा किलोचा, आणि गिऱ्हाईक दोन्ही शेजारी ठेवून तिसऱ्यालाच महाग ठरवते. मी काट्यावर रिकामं माप ठेवलं, काटा शून्यावर आणला, मापात लिटरभर तेल ओतलं आणि आकडा दाखवला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. मागे घाणीचा आवाज, मधेच शेजारची बकरी ओरडली, तीही तशीच ठेवली. त्यानंतर हा प्रश्न कोणी फोनवर विचारला की मी तो व्हिडिओ पाठवते आणि माझं काम करत राहते.

दुसरा प्रश्न भावाचा. तो मी दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं सोडवला. एक लिटर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. दाण्यात तेल पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, पण लाकडी घाणी सगळं पिळून काढू शकत नाही, थोडं ढेपेत, म्हणजे पेंडीत, राहतंच. तर फळ्यावर त्या दिवशीचा दाण्याचा भाव लिहिला, वीज-मजुरी लिहिली, ढेपेचे पैसे वजा केले आणि शेवटी माझा नफाही लिहिला. सासूबाई म्हणाल्या, "आपला नफा चवाट्यावर लिवते काय कोणी?" मला तरी वाटतं लिहावा. फळ्याचा फोटो स्टेटसला गेला, आणि जे रोज घासाघीस करायचे त्यातले बरेच गप्प झाले. काही अजून करतात. त्यांना त्यातच मजा येते, त्यांच्यासाठी फळा काय करणार.

तुमच्या धंद्यात तर असे प्रश्न माझ्याहून जास्त असतील. देठासकट कुटता का देठं खुडून? किलोभर मिरची घ्या, देठं खुडा, उरलेली पुन्हा काट्यावर ठेवा. वेगळं बोलायची गरजच नाही. तिखट लालभडक आहे पण झणझणीत का नाही? तेजा आणि ब्याडगी एकेक मूठ शेजारी ठेवा आणि सांगा की एक जहाल आहे, दुसरी रंगासाठी. डंक्यावर कुटलेल्या आणि चक्कीवर दळलेल्या तिखटात फरक काय? पापड तळल्यावर लाल का पडतो? याची उत्तरं तुमच्या हाताला माहीत आहेत, फक्त एकदा कॅमेऱ्यासमोर करून दाखवायची आहेत. फोटो-व्हिडिओ सकाळी आठच्या आत, दाराजवळच्या उजेडात काढा. आपल्याकडचं दहानंतरचं ऊन सगळं पांढरं करून टाकतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात सांगते. बिझनेसवालं अ‍ॅप घ्या, फुकट आहे. त्यात क्विक रिप्लाय म्हणून सोय आहे. भाव, पत्ता, पार्सल कसं पाठवतो ही उत्तरं एकदा साठवून ठेवली की तिरपी रेघ टाइप करताच समोर येतात. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप एकदम सगळ्यांना, त्याच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. हे मला वर्षभर कळलंच नव्हतं, मी आपली पाठवतच होते. आता पाकिटाच्या लेबलवरच छापलंय, 'नंबर सेव्ह करा'. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं, तेव्हा तोच व्हिडिओ दोन महिन्यांनी पुन्हा टाकायला लाजू नका, कोणी लक्षात ठेवत नाही. गूगल मॅपवर दुकान नोंदवा आणि रस्त्यावरून दार कसं दिसतं तो फोटो नक्की घाला. मी आठवड्याला दोनच गोष्टी टाकते, बाजाराच्या आदल्या दिवशी आणि रविवारी सकाळी. रील्सच्या मागे मी लागत नाही. एक रील खूप चालला होता, चौकशा आल्या सुरतहून आणि कुठून कुठून, विकली गेली एकही बाटली नाही. माझं लांबचं गिऱ्हाईक म्हणजे आपल्याच गावची पुण्यात नोकरीला गेलेली पोरं, आणि त्यांचं पार्सल ट्रॅव्हल्सनं जातं. त्यांच्यासाठी घाणीचा नुसता आवाज टाकला तरी पुरतो.

फोनबाहेरही कामं होतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. मागच्या खेपेला तिळाच्या तेलाच्या छोट्या बाटल्या वाणासाठी करून दिल्या, बायकांनी एकदम डझनानं नेल्या. तुम्ही मसाल्याच्या पुड्या करू शकता. आणि हंगाम पाहूनच विका म्हणा. श्रावण-भादव्यात शेतकऱ्याचा हात तंग असतो, तेव्हा 'आजच घ्या' म्हणून मागे लागलं की माणूस तोंड चुकवायला लागतो. मी त्या दिवसांत फक्त प्रश्नांची उत्तरं टाकते. सोयाबीन निघालं, कापसाचे पैसे यायला लागले की पंधरा किलोच्या डब्याची गोष्ट काढायची.

एक चूक सांगते, ती करू नका. सुरुवातीला मी एक फॉरवर्ड आलेला मजकूर जसाच्या तसा टाकला होता, जवसाच्या तेलानं हार्टचे ब्लॉकेज मोकळे होतात वगैरे. पंधरा दिवसांनी गावातले एक काका भेटले, म्हणाले तुमचं तेल सुरू केलं अन् बीपीची गोळी बंद केली. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांच्या घरी जाऊन, मुलाला बोलावून, पुन्हा डॉक्टरकडे पाठवलं. अन्नपदार्थानं रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही, अन्नसुरक्षेचे २०१८ चे नियम आहेत, १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे. पण कायदा मी नंतर वाचला. आधी काकांचं तोंड दिसलं. आता जवसाबद्दल मी एवढंच सांगते की लहान बाटली घ्या, थंड अंधाऱ्या जागी ठेवा, तळणाला वापरू नका, आणि हवा-उजेड लागून जुनं झालं की ते कडवट होतं. हेही मूळ वहीतलंच उत्तर. तुम्हालाही हळद-मिरीच्या गुणांचे फॉरवर्ड येतील ते तिथेच सोडा.

आता थकव्याचं.

माझ्या आबाजींची बैलघाणी होती. एक घाणा उतरला की ते बैल सोडायचे, पाणी दाखवायचे, मगच दुसरा भरायचे. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे शेकत होतो. हळद-तूप लावून चोळायचं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. चोळता चोळता कळलं की माझाच उजवा हात खांद्याच्या वर जात नाहीये. डबे उचलून आणि रात्री कुशीवर पडून फोन धरून. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि आराम करा म्हणाले. आराम कुठे मिळतो ते नाही सांगितलं.

घरातल्या बाईला बसलेलं पाहिलं की घर तिला काम शोधून देते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून मी आराम घरात करतच नाही. संध्याकाळी गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते. तिथे जाते म्हटलं की कोणी अडवत नाही, सासूबाईसुद्धा नाही. फोन घरी. डोळे मिटून बसायचं, कोणी खंजिरी घेतली तर भजन ऐकायचं. खरं सांगू, अर्धा वेळ मला डुलकीच लागते. देवाची काही तक्रार आलेली नाही.

दुसरं, धंद्याचा नंबर वेगळ्या, साध्याशा स्मार्टफोनमध्ये टाकला आणि तो फोन रात्री गल्ल्यात, आवाज बंद पण नेट चालू. रात्री आठ ते सकाळी सात आपोआप एक निरोप जातो, बिझनेस अ‍ॅपमध्ये अवे मेसेज म्हणून आहे: 'घाणी बंद आहे, सकाळी सातनंतर उत्तर देते, भाव हवा असेल तर कॅटलॉग पाहा.' पहिल्या आठवड्यात जीव नुसता वरखाली. त्या आठवड्यात दोन ऑर्डरी गेल्या असतील. बाकीचे सगळे सकाळपर्यंत थांबले. तेल आहे ते, अँब्युलन्स नाही. पण हे साधलं ते वहीमुळे. लोकांना उत्तर आधीच मिळालेलं असेल तरच ते रात्री फोन करत नाहीत. नुसता फोनचा आवाज बंद ठेवला असता तर सकाळी चाळीस मिस्ड कॉल मोजत बसले असते.

एप्रिल-मेमध्ये मी पहाटे पाचला घाणी लावते आणि बारा ते चार शटर खाली. पंचेचाळीस डिग्रीत गिऱ्हाईक येत नाही, येतं ते गप्पा मारायला. कूलरसमोर फरशीवर पडायचं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी, तीही फळ्यावर लिहिलेली. लिहिलेली सुट्टी घरचेही पाळतात, तोंडी सांगितलेली कोणी पाळत नाही. तुमचे हे आणि मुलं पापड लाटायला बसत असतील तर हे त्यांनाही लागू करा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी घर तुमच्यावरच येतं.

तुमचं मात्र एक अवघड आहे. तुमचा कामाचा हंगाम म्हणजे उन्हाळाच. मिरची फोडणं, मसाले, पापड, सगळं फाल्गुनापासून मृगापर्यंत. त्या दिवसांत बसून व्हिडिओ करणं होणार नाही, करायलाही जाऊ नका. काम चालू असताना शेजारच्या पोट्ट्याच्या हातात फोन द्या आणि नुसतं चित्रण करून ठेवा: मिरची वाळताना, देठं खुडताना, खाटेवर पापड घालताना. बोलायचं, कापायचं, टाकायचं ते पावसाळ्यात, जेव्हा वाळवणाचं काम नसतं. दहा-बारा तुकडे हाती असले तर वर्ष निघतं. फक्त तिखटाच्या हातानं फोन धरू नका. माझ्या पहिल्या फोनचा स्पीकर तेलानं बसला तो बसलाच.