विंडोज आणि टॅली बदलण्याआधी

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम २.१ आहे. दोन्ही एकदमच अपग्रेड करायचं म्हणतोय. हिशोब, चादरींची डिझाइन्स, जुना मराठी पत्रव्यवहार असं सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एका पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. दोन वेगळ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. एक ऑफिसात, एक घरी. आणि दोन्ही अपग्रेड एका दिवशी नकोत, काही अडलं तर दोष कुणाचा तेच कळणार नाही.

आधी टॅलीचा बॅकअप. ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या. मग टॅली पूर्ण बंद करून डेटाचं अख्खं फोल्डरही कॉपी करा; चालू टॅलीतून केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. ३.० पासून टॅलीच्या डेटाची रचना बदलली आहे. एकदा मायग्रेट झालेला, म्हणजे नव्या रचनेत गेलेला डेटा २.१ मध्ये उघडत नाही. म्हणून जुनी कॉपी आणि २.१ ची सेटअप फाइल, दोन्ही जपा.

खरी परीक्षा रिस्टोअरची, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्याची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर २.१ टाकून, नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि मार्चअखेरचा ताळेबंद जुळवून पाहा. मूळ फोल्डरमध्ये रिस्टोअर केलंत तर चालू डेटावर जुना डेटा बसेल. ही चूक फार महाग पडते.

डिझाइनची एखादी फाइल ४ जीबीहून मोठी असेल, तर फॅट३२ फॉरमॅटच्या ड्राइव्हवर ती जाणारच नाही. डिस्क एनटीएफएस करा, पण फॉरमॅट रिकामी असतानाच. कॉपी झाल्यावर प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. ‘साइज ऑन डिस्क’ वेगळी दिसली तर घाबरू नका. पत्रं युनिकोडपूर्व (युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) फॉन्टमध्ये असतील तर ते फॉन्टही घ्या, नाहीतर फाइल उघडेल पण अक्षर लागणार नाही.

डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अपग्रेड सुरू करताना दोन्ही डिस्क काढून ठेवा, कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या.

विंडोज ११ वरून मागे फिरायला साधारण १० दिवसच मिळतात. तुमचं जीएसटी रिटर्न मासिक असेल तर २० तारखेचं ३बी (कर भरण्याचं रिटर्न) भरून लगेच विंडोज बदला. पुढच्या ११ तारखेच्या विक्रीच्या रिटर्नआधी (जीएसटीआर-१) काय बिघडलंय ते कळेल. टॅली त्यापुढच्या महिन्यात.