कॅप्सूल का सोडलीस?

प्रिय पोरा,

तुझ्या आईचा फोन आला होता. महिनाभर सिकलसेलची तुझी हायड्रॉक्सीयुरिया कॅप्सूल बंद आहे म्हणे. "जीन थेरपी येतेय, हे विष कशाला?" असं तिला सुनावलंस. रागावत नाही. गडचिरोलीत अख्खी नोकरी सिकलसेलच्या स्लाइडी पाहण्यात गेली, तुझीही पहिली मीच लावली. मेटाबायसल्फाइटचा थेंब टाकून झाकलं आणि थोड्या वेळाने पाहिलं, तर गोल पेशींचे विळे झालेले. त्यामुळे जीन थेरपीची बातमी वाचून मलाही भरून आलं होतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या जीन थेरपीला मान्यता दिली. ती करते काय? एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलसेलचं एस जनुक आलेलं असूनही जन्मानंतर पहिले काही महिने तू ठणठणीत होतास, कारण रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन होतं. ते पेशीला वाकू देत नाही. पुढे बीसीएल11ए हे जनुक त्याचा नळ बंद करतं. थेरपीत तुझ्याच मूळपेशी काढून त्यांत या जनुकाला कात्री लावतात, की नळ पुन्हा चालू. चाचणीत पुरेसा काळ लक्ष ठेवलेल्या 31 पैकी 29 जणांना सलग वर्षभर मोठा क्रायसिस, म्हणजे वेदनेचा जोरदार झटका, आला नाही.

आणि तू सोडलेली कॅप्सूल? तीही तेच हिमोग्लोबिन वाढवते. कमी वाढवते, रोज घ्यावी लागते, पण काम तेच!

बातमीत न येणारंही ऐक. दुरुस्त पेशी परत सोडण्याआधी बुसल्फान या केमोच्या औषधाने हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात. केस जातात, तोंड येतं, महिना-दीड महिना दवाखान्यात काढावा लागतो. पुढे मूल होईलच असं नाही, म्हणून आधीच वीर्य गोठवून ठेवायला सांगतात. हे सोसायला यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंड धड लागतात, आणि प्रत्येक क्रायसिस त्यांनाच पोखरतो. शिवाय तू बरा झालास तरी तुझ्या मुलात एस जनुक उतरणारच. लग्न ठरवताना मुलीची तपासणी चुकवायची नाही.

किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे 18 कोटी. आपल्या अख्ख्या टोल्याची जमीन विकून येणार नाहीत. म्हणून माझं लक्ष 'बिरसा 101' या आपल्या देशातल्या जीन थेरपीवर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने ती घडवली आणि 2025 मध्ये तिचं तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. ती अजून घराघरात पोचायची आहे. तोवर कुणी एजंट पैसे घेऊन 'चाचणीत घालतो' म्हणाला, तर त्याला हाकल. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत.

मंगळवारी ओपीडीला ये, मी दारातच भेटतो. आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करू, डोस डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने एकदम सुरू करू नकोस. आणि बसमध्ये पाण्याची बाटली भरून घे. मागचा क्रायसिस कशाने उठला, ते तुला माहीत आहे.

तुझा,
लॅबवाला काका