भिंतीतून येणारी घरघर

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेजारच्या वहिनी दोन वर्षांपासून जेवणाचे डबे करतात. त्यांचं स्वयंपाकघर आणि आमची बेडरूम यांची भिंत एकच. त्या भिंतीला लागून, डक्टच्या बाजूला भोक पाडून त्यांनी मोठा एक्झॉस्ट फॅन बसवलाय. तो पहाटे साडेचारला सुरू होतो आणि आमची भिंत, पलंग, सगळं थरथरतं. माझे मिस्टर शेवटच्या लोकलने येतात, झोपायला दोन वाजतात. वहिनी म्हणतात, ‘माझ्या घरात मी काहीही लावीन.’ कमिटी म्हणते, ‘हे तुमचं आपापसातलं भांडण.’ पोलिसात जाऊ का? दोन वर्षं गप्प बसलो म्हणून आमचा हक्क गेला का? कमिटी दाद देईपर्यंत मेंटेनन्स भरू नये, असं एकाने सुचवलंय.

उत्तर : ताई, हक्क गेलेला नाही. पंखा रोज लागतो, म्हणजे त्रास रोज नव्याने होतो. अशा चालू राहणाऱ्या त्रासासाठी मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे दावा करायची मुदतही रोज नव्याने मोजली जाते. मात्र उद्या तुम्ही तातडीचा मनाई हुकूम मागितलात, तर ‘दोन वर्षं कशी काढलीत?’ हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच. त्यामुळे आता जे कराल ते लेखी आणि लवकर करा.

‘माझं घर, माझी मर्जी’ हे वहिनींचं म्हणणं टिकणारं नाही. आवाज आपल्या हद्दीबाहेर जाऊन दुसऱ्याला त्रास देत असेल तर घर स्वतःचं आहे ही सबब चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या ध्वनिप्रदूषणाच्या निकालात स्पष्ट केलं आहे.

आता पोलीस. त्यांच्याकडे जायचं ते सार्वजनिक उपद्रवाची तक्रार घेऊन, आणि तसं म्हणायला त्रास सार्वजनिक असावा लागतो. एका घरातल्या दोघांची झोपमोड त्यात बसवणं कठीण. ठाण्यात तुमचा अर्ज घेतील, फार तर वहिनींना बोलावून समज देतील. संध्याकाळी त्याच वहिनी जिन्यात भेटणार आहेत, हे लक्षात ठेवून काय ते ठरवा.

बरेच जण मग मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप दाखवायला येतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियमांतली रात्र दहा ते सहा, म्हणजे साडेचार ही रात्रच. तुमची अडचण वेगळीच आहे. हे आकडे परिसरातल्या हवेतल्या आवाजाचे आहेत. तुम्हाला छळतंय ते भिंतीतून येणारं कंपन. मोटरची घूं-घूं खालच्या पट्टीतली असते आणि ज्या पद्धतीने हे डेसिबल मोजतात त्यात खालची पट्टी कमी धरली जाते. पलंग हलत असतानाही मीटर निर्दोष आकडा दाखवू शकतो आणि तो कागद समोरचा वकील आनंदाने वापरेल.

तुमची खरी बाजू आहे खासगी उपद्रवाची, म्हणजे एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याला होणाऱ्या त्रासाची. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा करून मनाई हुकूम मागता येतो. न्यायालय बघतं ते सर्वसाधारण माणसाला हा त्रास सोसण्यापलीकडचा वाटेल का. मिस्टर दुपारी झोपत असते तर मी एवढ्या खात्रीने लिहिलं नसतं. पण पहाटे साडेचारला कोणीही झोपलेलंच असतं.

पण दाव्यात ‘पंखा काढा’ असं मागू नका. तसं मागितलंत की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वहिनींची रोजीरोटी येते. ‘कंपन आमच्या भिंतीत येणार नाही अशी व्यवस्था करा’ असं मागा. त्याला नाही म्हणायला त्यांना कारण सापडणार नाही. ‘डब्यांचा धंदाच बेकायदा’ अशी तक्रार जोडायचा मोहही टाळा. मग वाद झोपेचा राहत नाही, सुडाचा दिसतो.

त्यासाठी कंपन येतं कुठून हे आधी कळायला हवं. एका दुपारी कमिटीतल्या कुणाला आणि इलेक्ट्रिशियनला घेऊन वहिनींकडे जा. पंखा पूर्ण वेगात असताना बटण बंद करायला सांगा. आवाज त्याच क्षणी थांबला तर तो विजेचा, म्हणजे मोटरचा किंवा रेग्युलेटरचा. पाती फिरत मंदावतात तसतसा आवाजही हळूहळू उतरला तर दोष पात्यांचा नाहीतर बेअरिंगचा. डबे करणाऱ्या घरात पात्यांवर तेलकट थर कमी-जास्त बसतो, तोल जातो आणि पंखा भिंतीला हादरे देतो. नुसती खडखड असेल तर बाहेरची झडप. आणि फ्रेम रबर न घालता थेट भिंतीत स्क्रूने आवळली असेल, तर पंखा नवा कोरा असला तरी तुमचा पलंग थरथरणारच. माझा कयास याच शेवटच्या कारणावर आहे. पाती धुवून, फ्रेमखाली जाड रबर घालून बघा. खर्च माझ्या वकिली नोटिशीपेक्षा कमी येईल.

वहिनींनी दार उघडलं नाही, तर तोच तुमचा पुरावा. म्हणून ही विनंती आधी लेखी करा, पोच घ्या. रोजची तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ वहीत लिहा. उशाशी पाण्याचा पेला ठेवून थरथरणाऱ्या पाण्याचं चित्रीकरण करा, तो फोन जपून ठेवा, कारण पुढे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र द्यावं लागेल. दावा लागलाच तर न्यायालयाने आपल्या वतीने कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करावी, असा अर्जही करता येतो.

कमिटीला मात्र हात झटकता येणार नाहीत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाने दुसऱ्याला उपद्रव होईल असं काही करायचं नाही आणि फेरफार करायचा तर कमिटीची आधी परवानगी लागते. डक्टच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी दिली होती का, हे लेखी विचारा. तुमच्या तक्रारीवर पुढच्याच सभेत निर्णय घेऊन तो पंधरा दिवसांत कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तरीही गप्प बसले तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. सहकार न्यायालयात धाव घेऊ नका. तिथे वाद सोसायटीच्या कारभाराशी निगडित असावा लागतो आणि शेजारणीचा पंखा त्यात कोंबताना वकिलाची दमछाक होते.

मेंटेनन्सचा सल्ला कुणी दिला ते विचारत नाही. तो भरत राहा. थकबाकीदार झालात की कमिटी तुमच्या तक्रारीवर बोलायचं सोडून तुमच्या थकबाकीवर बोलेल, आणि तुमच्याकडून थकबाकी वसूल करायचा दाखला मिळवणं त्यांना तुमच्या मनाई हुकुमापेक्षा सोपं जातं.