नऊले बसलो, साडेअकरा कधी झाले समजलंच नाई : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. मी आर्णी तालुक्यातला, वय २३, पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. घरी वावर हाये, सध्या कापसाची वेचणी सुरू हाये, आन रातची लाईन असली की हरभऱ्याच्या ओलिताले मलेच जा लागते. पहाटे ग्राउंड मारतो, दिवस वावरात जाते, मंग जेवून नऊले अभ्यासाले बसतो. यूट्यूबवर गणिताचं लेक्चर लावतो, ते दहा मिनिटं चालते, मंग मधात कोणाचा मेसेज येते, मंग शॉर्ट्स, मंग एखादा मोटिवेशनचा व्हिडिओ, आन पाहतो त साडेअकरा. आपल्यात दमच नाई असं वाटते. पुण्याले जाऊन क्लास लावला असता त झालं असतं का? बाबा म्हणते फोन विहिरीत टाक.

उत्तर : अरे भाऊ, बाबांना सांग, विहीर कशाला, माळ्यावर टाकला तरी पुरते. आणि पहाटे पळून, दिवसभर वेचणी करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या पोराला दम नाही असं कसं म्हणायचं बाप्पा. गडबड वेगळीच आहे. 'पोलीस व्हायचंय' हे वर्षभराचं काम झालं, आज रात्री नऊ वाजता काय करायचं हे त्यातून कळत नाही, आणि ज्याला नऊ वाजता काय करायचं माहीत नाही तो फोन जे दाखवेल ते पाहत बसतो. म्हणून वावरातून आल्याबरोबर, हातपाय धुवायच्या आधी, एका कागदावर लिहून टाक, 'आज शेकडेवारीची २० उदाहरणं, चुकली तेवढी परत'. बस एवढंच. 'गणित करणे' असं लिहू नको, त्याला शेवटच नसतो.

आता परीक्षेचंच बघ. लेखी पेपर १०० गुणांचा, वेळ ९० मिनिटं. तिथं फोन नाही, लेक्चर थांबवून मागं नेणं नाही. म्हणजे दीड तास एका जागी बसून सोडवत राहणं हाही परीक्षेचाच भाग आहे, आणि तू रोज रात्री सराव करतोस तो नेमका उलटा, दर दहा मिनिटांनी मन उठवायचा. मैदानावर १६०० मीटर पळताना तू मधात थांबून रील पाहत नाहीस ना? मग तसंच बसायला शिकायचं, आधी अर्धा तास, पंधरवड्यानं पाऊण, असं करत दीड तासापर्यंत.

लेक्चर आणि सोडवणं या दोन गोष्टी वेगळ्या कर, सगळा घोळ तिथंच होतो. लेक्चरला फोन लागतो, सोडवायला नाही लागत. लेक्चर दिवसा डाउनलोड करून ठेव आणि ओलिताच्या रात्री मोटर सुरू असताना ऐक. फक्त इयरफोन दोन्ही कानात कोंबू नको, रानडुक्कर आलं तर कळायला पाहिजे, आणि पाय कुठं पडतो ते बॅटरीनं पाहून चाल. नऊच्या बैठकीला मात्र वही, पुस्तक, पेन आणि हातातलं नाहीतर भिंतीवरचं घड्याळ एवढंच. वेळ पाहायला फोन उचलला की संपलं.

फोन कुठं ठेवायचा? उशाला सायलेंट करून नाही. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग छापला होता, काही लोकांचा फोन टेबलावर, काहींचा खिशात नाहीतर बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत, आवाज सगळ्यांचे बंद. डोकं चालवायच्या चाचणीत दुसऱ्या खोलीवाले सरस निघाले. नंतर इतरांनी तेच करून पाहिलं तर सगळ्यांना इतका फरक दिसला नाही, म्हणून त्याला काही देववाणी समजू नको. पण फोन आईजवळ असला तर तो घ्यायला उठावं लागते, आई विचारते 'काहून रे, काय पायजे?' आणि तेवढ्यात अर्धी इच्छा मरते, यासाठी टेक्सासची साक्ष लागत नाही.

दुसरं म्हणजे यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन वॉच हिस्टरी बंद कर आणि जुनी पुसून टाक. होम पानावर मग व्हिडिओंची रास येत नाही, जे पाहिजे ते शोधूनच काढावं लागते. खाली सरकवत राहिलं तरी पान संपतच नाही ही जी युक्ती आहे ना, ती आझा रास्किन नावाच्या डिझायनरनं २००६ साली काढली आणि पुढं स्वतःच त्याबद्दल हळहळला. म्हणजे तू हरतोस ते काही तुझ्या आळसामुळं नाही, समोरच्यानं पान असंच बांधलंय की थांबायची जागाच सापडू नये. मोटिवेशनचे व्हिडिओ तर आजपासून बंदच. मला त्यांचा राग येतो हे उघड सांगते, ते पाहून अभ्यास केल्यासारखं वाटते आणि एकही उदाहरण सुटत नाही.

पुण्याचं म्हणशील तर तिथल्या अभ्यासिकेतही हाच फोन खिशात येणार, वरून खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च वेगळा. आधी गावात महिनाभर हे करून पाहा, मग ठरव. आणि ज्या रात्री ओलितावर जागलास त्या दिवशी बैठक मोडली म्हणून मनाला लावून घेऊ नको, घरचं वावर सांभाळणं याला कोणी टाइमपास म्हणत नाही. त्या दिवशी चालू घडामोडीचं एक पान वाच आणि झोप. न झोपता गोळाफेक आणि १६०० मीटर दोन्ही बिघडते, आणि मैदानाचे ५० गुण काही थोडे नाहीत.

प्रश्न : मी सेलू तालुक्यात आशा म्हणून काम करते. घरभेटी, लसीकरणाच्या याद्या आन चार वॉट्सॲप ग्रुप. रजिस्टर घेऊन बसली की 'तातडीनं माहिती पाठवा'. फोन बंद ठेवता येत नाही, गरोदर बाईचा कॉल कवाही येते. रजिस्टर रात्री चुलीजवळ बसून भरते.

उत्तर : ताई, तुमचा फोन म्हणजेच तुमचं काम, तो लांब ठेवा म्हणणं म्हणजे तुमची चेष्टा होईल. पण कॉल आणि मेसेज यांची फारकत करता येते. कळा सुरू झालेली बाई वॉट्सॲप करत नाही, तिच्या घरचं कोणीतरी सरळ फोन लावते. तेव्हा ग्रुप सगळे म्यूट आणि रिंग मोठी. बऱ्याच अँड्रॉइड फोनात 'डू नॉट डिस्टर्ब' लावूनही निवडक नंबर वाजू देता येतात, शिवाय एकाच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तोही वाजेल अशी सोय असते, ती सुरू करून घ्या. ग्रुप सकाळी निघताना, दुपारी आणि संध्याकाळी पाहा, आणि हे गटप्रवर्तक ताईंना तोंडी सांगून ठेवा, खरंच अडलं तर त्या कॉल करतील. बरीच 'तातडी' संध्याकाळपर्यंत थांबते हे तुम्हालाही माहीत आहे.

रजिस्टर अर्धवट सोडून उठावं लागलं तर उठायच्या आधी पेन्सिलीनं कडेला लिहा, कोणत्या घरापर्यंत आलात आणि पुढं काय भरायचं. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं होतं की काम अर्धं टाकून दुसऱ्याला लागलं की मन थोडं मागंच अडकते, आणि पुढं त्यांनीच तपासलेला उपाय हा असाच आहे, दोन ओळी लिहायच्या आणि उठायचं.

आणि सेवाग्राम तर तुमच्याच वर्धा जिल्ह्यातलं. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, देशभरातून माणसं यायची, तरी सोमवारी मौन, फारच गरज पडली तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. व्हाइसरॉयशी बोलायला टेलिफोन बसवला तोही आश्रमाच्या दफ्तरात. तुम्हाला आख्खा सोमवार कोणी देणार नाही, पण दुपारचा एक तास मागून तर पाहा, रात्रीची चूल तरी सुटेल.

प्रश्न : सोयाबीनचा भाव पाहाले सकाळी सहाले फोन उघडतो, आन सात वाजेपर्यंत त्यातच. वय ५८. (मंगरूळपीर)

उत्तर : काका, बाजार समितीत लिलाव झाल्याबिगर आजचा भाव सहाला कुठून येणार? तो कालचाच असते. दुपारी जेवण झाल्यावर एकदा पाहा, आणि माल काढायचा असेल त्या दिवशी ओळखीच्या अडत्याला सरळ फोन लावा, ओलावा किती धरते तेही विचारून घ्या, ते वॉट्सॲपच्या भावात लिहिलेलं नसते.