‘रक्तातच आहे’ हा हिशोब गव्हालाही लागू पडत नाही

प्रश्न: मी आणि माझे मोठे भाऊ, दोघेही सरकारी अधिकारी. मुलगी इथेच कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राज्यसेवेचा अभ्यास कर म्हटलं की टाळते. हुशारी आमच्याकडची, पण आळस आईकडून आलाय. जानेवारीत तीन आठवडे कॉलेजच्या शेतावर चिमट्याने गव्हाची फुलं सोलत बसली! आता वनस्पती पैदासशास्त्रात एमएस्सी करायची म्हणते. तिला कसं समजवावं? – एक वडील, नागपूर

उत्तर: हुशारी आमची, आळस आईचा, हे वाक्य तुम्ही तिच्यासमोर बोलत असाल तर आधी ते बंद करा. राज्यसेवेचं नंतर बघू.

फुलं सोलणं म्हणजे काय, ते पाहिलंय का? गव्हाचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. संकर करायचा तर फुलाचं टोक कातरून आतले तीनही परागकोश हिरवे असतानाच काढावे लागतात. एक जरी फुटला तरी ते फूल गेलं. मग ओंबीवर पिशवी, चिठ्ठी, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग. एवढं करून एका फुलातून मिळतो फार तर एक दाणा. हे तीन आठवडे करणारी मुलगी आळशी?

आता तुमचा गैरसमज. गव्हातही केंद्रकातली जनुकं आईबापांकडून निम्मी-निम्मी येतात. हरितलवकं मात्र आईकडूनच, आणि दाणा भरतोही आईच्याच ओंबीत, म्हणून कोवळ्या रोपाचा जोम बराचसा तिच्यावर. बुटकेपणा मोजक्या जनुकांनी येतो; जपानच्या ‘नोरिन १०’ वाणाची ती जनुकं 1960 च्या दशकात आपल्याकडच्या गव्हात आली. उत्पन्नाचं तसं नाही. तिथे असंख्य जनुकं आणि वर शेत. आपल्याकडे एकाच पोत्यातलं बी अर्धं नोव्हेंबरच्या मध्यात आणि अर्धं डिसेंबरअखेर पेरून बघा, उशिराच्या गव्हाचा दाणा मार्चच्या उन्हात चिरमटतो. बी तेच ना? शिवाय संकराच्या दुसऱ्या पिढीत काही झाडं दोन्ही आईबापांना मागे टाकतात. नवे वाण घडवणारा पैदासकार तीच तर शोधत असतो!

तिला समजवायचं काही नाही. आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, आणि राज्याची, दोन्ही प्रवेश परीक्षा देऊ द्या. शास्त्रज्ञ व्हायचं तर पीएचडीपर्यंत थांबायची घरच्यांचीही तयारी हवी, हे मी स्पष्ट सांगते.

काढणीआधी एकदा तिच्याबरोबर शेतावर जा. तिच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली ओंबी बघा, आणि आई कोणता वाण, बाप कोणता, ते तिलाच विचारा. तिच्या आईलाही सोबत न्या.